पाण्याच्या वेळेला

१० नोव्हेंबर, सोमवार

ती आली! आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये! तिसऱ्या मजल्यावर!

मी गॅलरीत टॉवेल वाळत घालत होतो. समोरची ती खिडकी गेले चार महिने बंद होती. आज उघडी. आणि खिडकीत क्षितिजा! क्षितिजा तोडणकर. अकरावी-बारावीला माझ्या दोन बाकं पुढे बसायची. त्या दोन वर्षांत मी फळ्यापेक्षा तिची वेणी जास्त बघितली. मग ती बी.कॉम.ला गेली आणि पास झाली. मी सिव्हिलच्या डिप्लोमाला गेलो आणि दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून, ड्रॉइंगची शीट त्यांच्यासमोर टराटरा फाडून बाहेर पडलो. तेव्हापासून तिला तोंड दाखवलं नव्हतं.

खाली पळालो. पायात आईच्या चपला होत्या, हे लिफ्टच्या आरशात कळलं.

तिचे बाबा – चंद्रहासकाका, तिची आई – विनयाकाकू, आणि पांढरे बूट घातलेला एक एजंट. काका खुशीत. "पाडव्यालाच टोकन देऊन टाकलं. चोवीस तारखेला रजिस्ट्रेशन."

मी म्हटलं, "काका, घर तपासून घेतलंत?"

"तपासायचं काय? समोर दिसतंय की. दिवाळीतच रंग काढलाय."

"मी तेच काम करतो. नेल्सन अंकलच्या हाताखाली. घर घेणाऱ्यांसाठी घर तपासून देतो."

एजंट हसला. "साहेब, ह्यांना प्रत्येक घरात काहीतरी सापडतंच. नाहीतर ह्यांचं चालणार कसं?"

माझी मूठ वळली. खरंच वळली. तेवढ्यात क्षितिजा बोलली – "बाबा, बघू दे ना संकेतला. आपलं काय जातंय?"

संकेत! नाव लक्षात आहे!

काकू जाता जाता म्हणाल्या, वसईची भाड्याची जागा डिसेंबरअखेर सोडायचीय. हे घर जमलं तर बोळिंज. नाही तर बदलापूर – मोठ्या भावोजींनी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये एक ब्लॉक बघून ठेवलाय.

बदलापूर!! नकाशात बघितलं. बघायला नको होतं.

११ नोव्हेंबर

गिरीजला अंकलच्या वाडीत गेलो. केळीखाली खुर्ची टाकून बसले होते, ओल मोजायच्या मशीनची बॅटरी बदलत. वीस वर्षं मस्कतला बांधकामावर सुपरवायझर होते, आता इथे लोकांची होऊ घातलेली घरं तपासतात.

सगळं सांगितलं. वेणीचं सोडून.

"टोकन देऊन झाल्यावर मला बोलावतात," अंकल म्हणाले. "लग्न लागलं, आता पत्रिका बघा! टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घेतली का – तपासणीत दोष निघाला तर टोकन परत?"

"विचारलं नाही."

"विचारलं नाही, म्हणजे नाही." मग उसासा. "आणि त्यात दिवाळीनंतरचं घर! दिवाळीनंतरचं घर बघायला सगळ्यात कठीण, पोरा. सगळी नटूनथटून बसलेली असतात. पावसाळ्यात ये म्हणावं, तेव्हा खरं तोंड दिसेल."

पण येतो म्हणाले. फक्त या आठवड्यात त्यांच्या पुतणीचं, जीनाचं लग्न आहे. रविवारी चर्चमध्ये लग्न, त्याच्या आधी आणि नंतर घरात पाहुणे. "पुढच्या बुधवारी जाऊ. पाण्याच्या वेळेला."

अंकलचा हा नियमच आहे. घर कधीही बघा, पण पाण्याच्या वेळेला बघाच. आमच्याकडे सोसायट्या सकाळी तासभर वरच्या टाकीतून पाणी सोडतात. पाईप भरतात तेव्हाच पाईप बोलतात. बाकी दिवसभर ते रिकामे आणि गप्प. पण घर बघायला लोक येतात रविवारी दुपारी, जेवून. एजंटही तेव्हाच चावी आणतो.

१३ नोव्हेंबर

तिचा मेसेज! "बाबा विचारतायत, रविवारी चार वाजता चालेल का? मी पण येणारे."

मी लिहिलं – "हो."

अंकलला विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस! नीट लिहून ठेवतो.

अंकल लग्नात. त्यांची बॅग माझ्याकडेच असते – हातोडी, लेव्हल पट्टी, ओल मोजायचं मशीन, टॉर्च, गोटी. चार वाजता हजर. इस्त्रीचा शर्ट. आईने विचारलं, "भिंती बघायला चाललायस ना?"

तिथे क्षितिजा आणि चावी घेऊन एजंट; काका आले नव्हते. सुरुवात हॉलपासून. टाइल्सवर हातोडीने ठक ठक. भरीव टाइल टणटणीत वाजते, पोकळ असली तर डब्यासारखी. तिने विचारलं, मी वाजवू? मी तिच्या हातात हातोडी दिली. तिने सगळा हॉल वाजवला, गुडघ्यांवर बसून. दोन पोकळ सापडल्या तर कोण आनंद! मग बाथरूममध्ये गोटी सोडून उतार बघितला. गोटी जाळीकडे गेली पाहिजे. गेली. जाळी कापडाने बंद केली, वॉचमनकडून आणलेलं बादलीभर पाणी ओतून ठेवलं. खरं तर ते चोवीस तास ठेवायचं आणि खालच्या घराचं छत बघायचं. आम्ही वीस मिनिटं ठेवलं. कारण तेवढ्यात ती मला विचारत होती की मी कॉलेज का सोडलं.

मी खरं सांगितलं. शीट फाडल्याचंही. ती हसली नाही. म्हणाली, "पण तुला येतं की सगळं."

येतं की सगळं! हे मी सोन्याच्या शाईने लिहायला पाहिजे, पण बॉलपेन आहे.

बेडरूममध्ये मालकाचं लोखंडी कपाट भिंतीला चिकटून. अंकल असते तर सरकवलं असतं. मी एजंटला म्हटलं, हात लावा. तो म्हणाला, "बॉस, माझी पाठ." एकट्याला हलेना. तिच्यासमोर कुंथत बसायचं का? बाकीच्या तीन भिंतींवर मशीन लावलं. कोरड्या.

साडेपाचला ती निघाली. सहाला मी घरी बसून लिहिलं – टाइल्स दोन पोकळ, किचनची एक खिडकी घट्ट, बाकी किरकोळ. घर घेण्यास हरकत नाही. खाली सही. माझी!

१७ नोव्हेंबर

रिपोर्ट पाठवला. काकांचा फोन – "मोठं काम केलंस रे!" क्षितिजाने अंगठा पाठवला. मग एक हसरा चेहरा. मग पाच मिनिटांनी अजून एक.

गॅलरीत तीनदा जाऊन आलो. जानेवारीपासून ती समोर!

१८ नोव्हेंबर

अंकलने रिपोर्ट वाचला. लग्नातला वडा खात होते. चावता चावता थांबले.

"किती वाजता गेलास?"

"चार."

"वर गेलास? चौथ्या मजल्यावर? खाली, दुसऱ्यावर?"

"नाही."

"कपाट?"

मी बॅगेची चेन उघडली, लावली.

अंकलनी वडा संपवला. हात पुसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग तू घर बघितलं नाहीस, पोरा. मुलगी बघितलीस."

बॅग तिथेच टाकून निघालो. रस्ताभर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो. मोठे आले! मस्कत, मस्कत! ते आले असते तर काय वेगळं दिसलं असतं?

घरी पोचेपर्यंत भांडण संपलं. सहाचा गजर लावला.

१९ नोव्हेंबर

सकाळी पावणेसात. समोरच्या बिल्डिंगचा चौथा मजला. बेल वाजवायच्या आधीच दार उघडं – पाण्याची वेळ, सगळ्यांची दारं उघडीच असतात. आत एक बाई पिंपात पाईप सोडून, पदर खोचून उभी. धोंडूबाई. मूळच्या अर्नाळ्याच्या, बोळिंजच्या बाजारात मासे विकतात. आई त्यांच्याकडूनच घेते.

मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "रविवारी खाली ठक ठक करत होतास, तो तूच ना? मला वाटलं आता वर येईल. चहा ठेवला होता. आला नाय."

मी विचारलं, खालच्या घराबद्दल काही…

"ये इकडे. कान लाव."

बेडरूमच्या कोपऱ्यात, जमिनीलगत भिंतीला कान लावला. आतून आवाज. बारीक, सतत – शूऽऽ. कुकरची शिट्टी धड वाजत नाही तेव्हा येतो तसा.

"भिंतीतला पाईप कुजलाय. पानी सोडलं की फुसफुसते. दोन वर्षं झाली, खालच्या मालकाला सांगून सांगून थकले. म्हटलं, दोघं मिळून बदलू. तो येतो, रंग मारतो, जातो. रंगाने पाईप बुजते काय?"

कोपरा नेमका त्या कपाटाच्या डोक्यावर.

 तिथेच पिंपाशेजारी बसलो. धोंडूबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "तुझं कोण घेते ते घर?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"कोणी नाय, तर रडतोस कशाला?"

रडत नव्हतो! पिंपातलं पाणी उडालं होतं.

२० नोव्हेंबर

सांगितलं नाही तर?

पाईप काय, घेतल्यावरही बदलता येतो. कुठल्या घरात ओल नसते? आमच्या संडासाच्या छताला भारताचा नकाशा उमटलाय, आम्ही जगतोच ना! सोमवारी रजिस्ट्रेशन. जानेवारीत ती समोर. मग मी स्वतः पाईप बदलून देईन. फुकट. कोणाला कळणारसुद्धा नाही.

आणि सांगितलं तर? बदलापूर. आणि वर – ज्याला काही येत नाही, कॉलेजसारखं हेही अर्धवट करतो, तो संकेत.

दिवसभर हेच. आईने भाजी चिरायला दिली, गवार, एकाच मापाची कापली. आई घाबरली. "बरं वाटत नाही का?"

मग दुपारी तो रिपोर्ट उघडून पुन्हा वाचला. 'हरकत नाही.' हे दोन शब्द वाचून एक माणूस आयुष्यभराची कमाई देणार. माझी सही बघून.

उद्या जातो.

२१ नोव्हेंबर

गेलो. वसईला, त्यांच्या घरी. निम्मं सामान खोक्यांत भरलेलं. एका खोक्यावर तिच्या अक्षरात – 'बोळिंज – किचन'.

उभ्या उभ्याच सांगितलं. कपाट सरकवलं नाही. वर गेलो नाही. पाण्याच्या वेळेला गेलो नाही. माझी चूक.

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तू लिहून दिलं होतंस."

"हो."

"मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, कसं तपासून घ्यायचं असतं घर."

मारलं असतं तर चाललं असतं. काकूंनी पाणी दिलं. क्षितिजा दारात उभी होती. माझ्याकडे बघतच नव्हती. खाली बघत होती. चेहरा पांढरा.

काका म्हणाले, "उद्या सकाळी दाखव."

जिन्यातून अंकलला फोन केला. म्हटलं, कपाटामागचा पाईप कुजलाय, काकांना सांगून आलो, उद्या सकाळी दाखवायचंय. पलीकडे खुर्ची सरकली. मग – "बॅग घेऊन साडेसहाला येतो. नाश्ता करून ये, रिकाम्या पोटी तुझं डोकं लवकर तापतं."

२२ नोव्हेंबर, शनिवार

आम्ही पाच जण – काका, क्षितिजा, अंकल, मी, आणि चावी घेऊन आलेला एजंट. अंकल आणि मी मिळून कपाट सरकवलं. मागे, वर बीमपासून खाली फुगलेला रंग, हातभर रुंद. सहा चाळीसला वॉचमनने वाल्व्ह उघडला. अंकलने बोट वर केलं – ऐका. शूऽऽ. पाच मिनिटांत रंगाच्या फुग्याखालून पाण्याचं थेंबथेंब गळणं सुरू.

अंकलने हातोडी नुसती टेकवली. प्लास्टरचा पापुद्रा थाळीएवढा खाली! आत सळी. सळी कसली, चुरमुरा! बोटाने खरवडली तर तपकिरी पीठ पडलं.

"ही ओल नाही," अंकल काकांना म्हणाले. "ओल असती तर पाईप बदला म्हटलं असतं. ही बीमची सळी आहे. वरच्या मजल्याचं सगळं वजन हिच्यावर. एक घर दुरुस्त करून भागणार नाही, अख्ख्या बिल्डिंगची तपासणी झाली पाहिजे. सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट केलंय का?"

एजंट म्हणाला, "अहो, प्लास्टर मारून देतो उद्या संध्याकाळपर्यंत! सोमवारचं काय अडत नाही." आणि मग माझ्याकडे बघून – "हा पोरगा पोरीसाठी आला होता, त्याला काय कळतंय घरातलं?"

पुढचं मला नीट आठवत नाही. त्याची कॉलर माझ्या हातात होती आणि एक पांढरा बूट पाण्यात होता.

"सोड!" अंकल. "कॉलर धरून भिंत सुकत नाही!"

सोडली. काकांकडे बघायची हिंमत झाली नाही. आणि क्षितिजा – ती त्या सळीकडे बघत होती. नुसती बघत होती. मग जिना उतरून गेली.

२३ नोव्हेंबर

मेसेज नाही. मी पण केला नाही. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला.

२५ नोव्हेंबर

काल रजिस्ट्रेशन झालं नाही. टोकनवरून मालकाने आधी कानावर हात ठेवले – "पावतीत कुठे लिहिलंय?" नाहीच लिहिलेलं! पण धोंडूबाई बाजाराची पाटी घेऊन सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसल्या. समोर मालक, सेक्रेटरी, अंकल, काका. म्हणाल्या, "मी दोन वर्षं सांगते ते ह्याने लपवलं की नाय, विचारा. मी उठत नाय इथून. मासे वास मारायला लागले तर माझी जबाबदारी नाय." अर्ध्या तासात मालक कबूल झाला. टोकन परत! आणि सोसायटीने ऑडिटला माणूस बोलवायचं ठरवलं. आठ बिऱ्हाडं राहतात त्या जिन्यावर. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त एकाच घराचा विचार करत होतो. एकाच खिडकीचा.

काकांचा फोन आला. "रविवारी बदलापूरला चाललोय. दादाने वेळ घेऊन ठेवलीय."

मी म्हटलं, "काका, पाणी किती वाजता येतं ते आधी विचारा. त्याच वेळेला जा. कपाटं सरकवून बघा. वरच्या मजल्यावर जा, खालच्याही. गच्चीवर जा. भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय बोलूच नका. आणि टोकनच्या पावतीवर ती ओळ –"

"अरे हो, हो! लिहून पाठव."

लिहून पाठवलं. दोन पानं. ती बदलापूरला नीट राहावी म्हणून मी बसून दोन पानं लिहिली! असा मूर्ख पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. पण लिहिताना, काय माहीत, वाईट नाही वाटलं. छातीत मोकळं वाटलं.

२७ नोव्हेंबर

अंकलने आज आमच्या घरी येऊन एक कागद पुढे टाकला. डिप्लोमाला परत प्रवेश घ्यायचा फॉर्म. त्यांनीच कुठून तरी आणला.

"माझ्यानंतर रिपोर्टवर सही कोण करणार? आणि सही करायची तर आधी शिक्षण पुरं पाहिजे."

"त्या सरांसमोर परत?"

"त्या सरांसमोर. काकांसमोर गेलास ना? ते जास्त कठीण होतं."

फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख सोपं. 'शिक्षण सोडण्याचे कारण' – तिथे बराच वेळ थांबलो. शेवटी लिहिलं, 'राग'. आई म्हणाली असं लिहितात का? अंकल म्हणाले, राहू दे, खरं आहे.

संध्याकाळी नायगावला एक घर तपासायला बोलावलंय असं कळलं. त्यांनी अजून टोकन दिलेलं नाही! अंकलनी मला नुसतं विचारलं, "कधी जायचं?" मी म्हटलं, "सकाळी. आधी वॉचमनला वाल्व्हची वेळ विचारतो." अंकल गालात हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

२९ नोव्हेंबर

उद्या रविवार. उद्या ते बदलापूरला जाणार. घर चांगलं निघावं. खरंच निघावं. भिंती कोरड्या निघाव्यात, पाणी भरपूर यावं.

आणि तरी.

३० नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजता तिचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

"बदलापूर रद्द. मी काल बाबांना सगळं सांगितलं, तुलाही सांगते. पहिल्याच दिवशी मी त्या कपाटामागच्या फटीत बोटं घातली होती. भिंत ओली होती. मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं नुसती ओल आहे, आणि मला इथेच यायचं होतं. का ते विचारू नकोस, विचारलंस तर ब्लॉक करीन. ती सळी बघितली तेव्हा घाम फुटला. तू येऊन सांगितलंस, मी नाही सांगितलं. बाबा खूप ओरडले.  मग म्हणाले – त्या मुलाला विचार, बोळिंजात कोरडं घर कुठे आहे."